घरात मोकळं फिरणारं फेरेट : एक खोली कशी तयार केली (आणि बाळकृष्ण कुठे सापडला)

सांगलीकरीण_लीड्स

नमस्कार मंडळी. इथे कुत्र्यामांजरांचे धागे ढीगभर आहेत, पोपटाचा आहे, मध्ये कासवाचा पण निघाला होता, पण फेरेटवर काहीच दिसलं नाही. मला गेल्या महिन्यात दोन जणींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की तुम्ही त्यांना पिंजऱ्याबाहेर सोडता का, सोडलं तर घराचं काय होतं. एकेकीला उत्तर देण्यापेक्षा म्हटलं धागाच काढूया. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. लांबोडकं अंग, आखूड पाय, मादी साधारण पाऊण किलोची आणि नर जवळजवळ तिच्या दुप्पट. लांबून बघितलं तर आपल्याकडचं मुंगूसच वाटतं. आम्ही राहतो त्या इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये यांना पूर्वापार सशांच्या शिकारीला वापरतात, म्हणजे हे बिळात सोडायचं, ससे घाबरून दुसऱ्या तोंडातून बाहेर येतात आणि तिथे जाळं लावलेलं असतं. हे मुद्दाम सांगतेय. ज्या जनावराला माणसानं दोन हजार वर्षांहून जास्त बिळात घुसण्यासाठीच पाळलं, त्याला तुमचा सोफा काय, वॉशिंग मशीनची मागची बाजू काय, सगळी बिळंच.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही इथल्या एका रेस्क्यूमधून जोडी आणली. एक तपकिरी, एक पांढरं लाल डोळ्यांचं. नावं ठेवली खारीक आणि खोबरं. आता गंमत अशी की खारीक नर आहे आणि खोबरं मादी, पण मराठीत खारीक ती आणि खोबरं ते, त्यामुळे घरात "ती कुठे गेली, ते कुठे झोपलंय" असंच चालतं आणि डॉक्टरकडे गेलं की इंग्रजीत ही आणि शीचा पार गोंधळ. आता सवय झालीय, वाचताना तुम्हीही सांभाळून घ्या.

पहिल्या महिन्यात आम्ही जी चूक केली तीच सगळे करतात. सगळं घर मोकळं सोडलं, आणि सगळं घर अर्धवट बंद केलं. जिन्याला लहान मुलांसाठीचं फाटक लावलं (त्याच्या गजांतून खोबरं थांबलंसुद्धा नाही, चालतानाच पार झालं), दारं ओढून घेतली, कपाटांना रबरबँड लावले (रबरबँड! आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, का ते पुढे सांगते). आणि तिसऱ्याच आठवड्यात खोबरं गायब.

किचनच्या खालच्या कपाटांच्या पायाशी जी एक लांब पट्टी ठोकलेली असते ना, जमीन आणि कपाट यांच्यामधली, तिचं एक टोक डिशवॉशरपाशी सुटलेलं होतं. माणसाला दिसणारच नाही, कारण आपण किचनमध्ये उभे असतो. आत अंधार, गरम पाइप, वर्षानुवर्षाची धूळ आणि डिशवॉशरच्या वायरी. साडेतीन तास आम्ही दोघं जमिनीवर पालथे पडून खोबऱ्या खोबऱ्या करत होतो. नवऱ्यानं सगळे स्विच बंद केले. शेवटी अंड्याचा बलक बशीत काढून पट्टीच्या तोंडाशी ठेवला आणि गप्प बसलो. वीस मिनिटांनी एक काळं, धुळीनं माखलेलं तोंड बाहेर आलं. पांढरं फेरेट काळं होऊन आलं होतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, बाकी सगळं तिच्यातूनच आलंय. पोटावर झोपून घर बघा. उभं राहून बघितलेलं घर आणि हनुवटी जमिनीला टेकवून बघितलेलं घर ही दोन वेगळी घरं आहेत. हातात टॉर्च घ्यायचा आणि खोलीच्या कडेकडेनं सरपटत एक पूर्ण चक्कर मारायची. रेडिएटरचा पाइप फरशीत जातो तिथली भोकं, दाराखालची फट, कपाटाची मागची पाठ, जुन्या फायरप्लेसची चिमणी. माझं माप म्हणजे दोन बोटं. जिथे माझी दोन बोटं शेजारी शेजारी सहज जातात तिथे खोबऱ्याचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीचं अंग पाठोपाठ जातंच, त्याला हाडंच नसल्यासारखं.

मग आम्ही सगळ्या घराचा नाद सोडला आणि एकच खोली धरली. मागची छोटी बेडरूम, जिथे आधी इस्त्रीचं टेबल आणि रिकाम्या सुटकेसी होत्या. ती कशी केली ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, कुकरची शिट्टी झाली.

खट्याळ_कोथरूडकर

दोन शंका. १) हा उंदीर आहे का? २) भाडं देतो का? एक अख्खी बेडरूम दिलीत म्हणून विचारलं. आमच्याकडे सासऱ्यांना पण हॉलमध्ये झोपवतात. हलके घ्या.

गुहागरचा_मुंग्या

वा, मस्त धागा. फोटोत तर मुंगूसच दिसतंय हो. आमच्याकडे गडग्यावरून मुंगूस जाताना दिसलं की सगळी पोरं ओरडायची, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ. आणि ते खरंच थांबून वळून बघायचं. आमच्या आजोबांच्या लहानपणी गावात एकानं पाळलेलं पण होतं म्हणे, साप येऊ नये म्हणून. फेरेट हे त्यांचंच भावंड असणार ना?

पशुवैद्य_विदर्भ

मुंग्या, दिसायला सारखे, नात्यात लांबचे. मुंगूस हे मांजर-तरसाच्या बाजूचं, आणि फेरेट पाणमांजराच्या कुटुंबातलं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या जंगली प्राण्यापासून माणसाळवलेलं. आणि एक सांगून ठेवतो कारण धागा वाचून कुणाला तरी हुक्की येईल: आपल्याकडचं मुंगूस १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, पाळणं गुन्हा आहे, त्याच्या केसांचे रंगाचे ब्रश विकत घेणंही गुन्हाच. शपथ घालून तोंड बघा आणि सोडून द्या.

सांगलीकरीण ताई, लिहा पुढचं. कुकरच्या रिंगबद्दल लिहिणार आहात असा अंदाज आहे.

सांगलीकरीण_लीड्स

डॉक्टर, कसं ओळखलंत? हो तेच.

@खट्याळ, उंदीर नाही, उंदराचा काळ आहे. भाडं देत नाही, उलट चोरतं. फेरेट हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या चोरट्या या अर्थाच्या शब्दावरून आलाय, छोटा चोर.

तर खोली. आधी दार. दार उघडं ठेवायचं असेल तर आडवं काहीतरी हवं. गजांचं फाटक बाद, जाळीचं पण बाद कारण जाळीला नखं अडकवून वर चढतात. चढता येतं पण उतरायची अक्कल नाही, वरून धपकन पडतात, आपण किती उंचावर आहोत याचा अंदाजच नसतो त्यांना. आम्ही गुळगुळीत ॲक्रिलिकची एक शीट कापून आणली, गुडघ्याच्या वर येईल एवढी, साधारण पाऊण मीटर, आणि दाराच्या चौकटीला दोन्हीकडून यू आकाराच्या पट्ट्या लावून त्यात वरून सरकवून बसवली. भाड्याचं घर असल्यामुळे खिळा मारायचा नाही, चिकटपट्टीवर भागवलं. नवरा अजूनही दोन्ही हातात चहाचे कप घेऊन ती ओलांडताना आठवड्यातून एकदा ठेचकाळतो पण त्याला इलाज नाही.

जमिनीवर कार्पेट होतं. दाराच्या कोपऱ्यात खारकेनं आठ दिवसांत ते उकरून खालचा फोम वर काढला. म्हणून कार्पेटवर लायनोलियमचा एक सबंध तुकडा अंथरला, कडा भिंतीवर चार बोटं वर घेतल्या. पुसायला पण सोपं.

सोफा त्या खोलीत नाहीच. दुसरीकडचा सोफा उलटा करून बघा कधीतरी, खाली एक पातळ काळं कापड स्टेपल केलेलं असतं. ते फाडून आत घुसतात आणि स्प्रिंगांमध्ये संसार मांडतात, वरून माणूस बसला की संपलं. खोलीत बसायला आम्ही जमिनीवर गाद्या टाकल्यात, भारतीय बैठक. तक्क्याच्या खोळीत दोघं शिरून झोपतात.

बाकी सामान म्हणजे ड्रेनेजचा लवचिक पाइप (बांधकामाच्या दुकानातून, पाळीव प्राण्यांच्या दुकानातला तसाच पाइप तिप्पट भावाचा), एक मोठा खोका तांदळाने भरलेला उकरायला, जुन्या जीन्सचा एक पाय, आणि छताच्या हुकाला काही नाही. झोपाळा पिंजऱ्यात आहे, फार उंचावर नाही, पडलं तर खाली दुसरा झोपाळा लागेल असा.

पिंजरा आहेच. रात्री आणि आम्ही घरी नसताना आत. लोक म्हणतात बिचाऱ्यांना कोंडता, पण हे प्राणी दिवसातले चौदा ते अठरा तास झोपतात, उरलेल्यातले निदान चार तास बाहेर मिळाले पाहिजेत. आमचे सकाळी सहा ते पावणेआठ आणि संध्याकाळी साडेसहा ते दहा. पहाटे आणि संध्याकाळीच त्यांच्या अंगात येतं. आणि आलं की काय बघावं, पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून आडव्या उड्या, भिंतीवर आपटतात, स्वतःच्याच शेपटीला घाबरतात, आणि तोंडानं डुक डुक डुक असा आवाज. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं फिट आली. आई म्हणाली तांडव करतायत. हे आनंदाचं आहे, घाबरायचं नाही.

शी-शू चा प्रश्न सगळे विचारतात. उठल्यावर पाच-दहा मिनिटांत करतातच आणि पाठ कोपऱ्याला लावून करतात. म्हणून पिंजरा लगेच उघडायचा नाही, आतल्या ट्रेमध्ये झालं की मग उघडायचा. आणि खोलीच्या चारही कोपऱ्यांत ट्रे किंवा अंथरूण, कारण जिथे झोपतात तिथे करत नाहीत. ट्रेमध्ये कागदाच्या गोळ्या, मांजरांची गठ्ठा होणारी वाळू नको, नाकातोंडात जाते. शंभर टक्के कधीच होत नाही. दहातले आठ वेळा जमलं तरी साखर वाटा.

जर्सीचा_गडी

खूप छान लिहिताय. आम्ही क्वीन्समध्ये असताना बायकोला फेरेट हवं होतं पण न्यूयॉर्क शहरात १९९९ पासून बंदी आहे, २०१५ मध्ये उठवायचा प्रस्ताव आला होता पण आरोग्य मंडळात मतं कमी पडली. मग जर्सीला घर घेतल्यावर आणलं. बायको म्हणायची घर फेरेटसाठीच घेतलंय.

माझ्याकडून एकच. रिक्लायनर, म्हणजे ती पाय वर करून मागे रेलायची खुर्ची. घरात असेल तर एकतर काढा नाहीतर त्या खोलीत फेरेट नको. आमचं पहिलं, मोगली, त्याच्या लोखंडी दांड्यांमध्ये झोपलं होतं आणि मी ऑफिसमधून येऊन पाय वर केले. जास्त लिहवत नाही. सात वर्षं झाली.

दुसरं ड्रायर आणि वॉशिंग मशीन. गरम कपड्यांच्या ढिगात शिरून झोपतात. मशीन लावायच्या आधी फेरेट मोजायचे. आमच्या मशीनच्या दारावर कागद चिकटवलाय, "दोन का?" एवढंच लिहिलंय. पाहुणे विचारतात काय दोन.

गुहागरचा_मुंग्या

गडी, वाचून वाईट वाटलं रे.

सांगलीकरीण_लीड्स

@जर्सीचा गडी, काय बोलू. मनापासून धन्यवाद लिहिल्याबद्दल. "दोन का?" उद्याच चिकटवते.

आता रबर. आई तीन महिन्यांसाठी सांगलीहून आली होती, २०२२ च्या वसंतात. येताना अर्थातच कुकरची जादा रिंग, शिट्टी, सेफ्टी वॉल्व्ह, सगळं घेऊन आली, इथे मिळत नाही या समजुतीने. (मिळतं. लीड्समध्ये सगळं मिळतं. सांगून उपयोग नाही.) जुनी रिंग धुऊन ओट्याच्या कडेला वाळत टाकली. खारीक तेव्हा किचनमध्ये कशी आली तर मी शीट परत सरकवायला विसरले म्हणून. रिंग खाली ओढली आणि मला दिसली तेव्हा चघळत होती. ओढून घेतली, बघितलं, एक तुकडा कमी. नखाएवढा. मला वाटलं पडला असेल कुठेतरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खायला उठली नाही. दात करकर वाजवत होती आणि पुढच्या पायानं तोंड पुसत होती सारखी. जवळच्या दवाखान्यात फोन केला तर म्हणे फेरेट बघत नाही, दुसऱ्यानं दोन दिवसांनंतरची वेळ दिली, तिसरीकडे पन्नास मिनिटं गाडी चालवत गेलो. दुपारी ऑपरेशन. रबराचा तुकडा आतड्यात. बिल किती झालं ते आईला आजतागायत सांगितलेलं नाही, तिला वाटतं पन्नास पाउंड आणि तेही तिला जास्तच वाटले होते. खारीक वाचली. पण आई चार दिवस जेवली नाही नीट, म्हणे माझ्या रिंगमुळे. तिची काय चूक, शीट मी विसरले.

तर खोलीत रबर, फोम, सिलिकॉन असं काही म्हणजे काहीच नको. रिमोटची बटणं, इअरफोनची रबरी टोपणं, खोडरबर, चपलेचा तळ, स्लीपरचा पट्टा, बाटलीचं बूच, पेन्सिलीच्या मागचं. आपल्या घरांमध्ये कुकरची रिंग, मिक्सरच्या भांड्याची रिंग, आणि दुधाच्या बाटलीचं निपल. हे त्यांना का आवडतं देव जाणे.

पशुवैद्य_विदर्भ

ताईंनी लक्षणं अगदी बरोबर पकडली. मी काही काळ परदेशात काम केलंय तेव्हा फेरेट हाताळलेत, म्हणून थोडं जास्त लिहितो.

फेरेट हा पक्का मांसाहारी, आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. म्हणून थोड्या थोड्या वेळानं खायला लागतं, आणि म्हणूनच काही अडकलं तर अवस्था फार लवकर बिघडते. उलटी होईलच असं नाही. खाणं बंद, दात करकरणं, तोंड पुसणं, शी बारीक दोरीसारखी किंवा बंद, आणि जनावर ओल्या फडक्यासारखं मलूल, यातलं काही दिसलं तर "उद्या बघू" नाही. त्याच दिवशी.

जमिनीवर पडलेल्या गोळ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातून एखादी गोळी पडते आणि कपाटाखाली जाते. आयबुप्रोफेनची एक गोळी एवढ्याशा जनावराला जीवघेणी होऊ शकते. डांबरगोळ्या, कापूर हे पण लांब. उदबत्तीचा धूर त्या खोलीत नको. कांदा, लसूण, चॉकलेट नको आणि गोडही नको. प्रसादाचा शिरा प्रेमानं भरवणारे असतात म्हणून लिहिलं, यांना स्वादुपिंडाचे आजार होतात, शिरा पचवायची सोयच शरीरात नाही.

मादी असेल आणि पिल्लं नको असतील तर तिचा माज आपोआप उतरत नाही, लांबतच जातो आणि रक्त कमी होऊन दगावू शकते. याबद्दल डॉक्टरशी वेळेवर बोला, हल्ली कातडीखाली बसवायचं इम्प्लांट असतं.

चिंगीचे_बाबा

नमस्कार, रोमात (म्हणजे नुसता वाचत) असतो, पहिल्यांदाच लिहितोय. मुलगी नववीत आहे, रील्स बघून फेरेटच्या मागे लागलीय. पुण्यात एकजण देतोय म्हणाला, किंमत ऐकून घाम फुटला पण मुलीनं तीन वर्षांचे वाढदिवस ॲडव्हान्समध्ये सोडलेत. टू बीएचके आहे, चौथा मजला, बाल्कनीला ग्रिल. एक खोली देता येईल. घ्यावं का?

मेलबर्नची_माई

चिंगीचे बाबा, खोलीचं नंतर बघू, आधी मे महिन्याचं सांगा. आमच्या व्हिक्टोरियात फेरेट पाळायला परवानगी आहे (क्वीन्सलँडमध्ये नाही) आणि आमच्याकडे उन्हाळ्यात चाळीसच्या वर दिवस जातात, म्हणून अनुभवानं सांगते. त्यांना घाम येत नाही. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर गेलं की जमिनीवर पालथे पडून धापा टाकायला लागतात आणि बत्तीसला जीव जाऊ शकतो. पंख्याचा उपयोग नाही, पंखा घाम वाळवतो, घामच नाही तर काय वाळवणार. त्यांच्या खोलीला एसी, आणि वीज गेली तर काय याची वेगळी तयारी. मी फ्रीजरमध्ये कायम चार पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायच्या, त्या बाटलीला मिठी मारून झोपतात. शिवाय एक जुनी फरशीची लादी. अंगावर बर्फाचं पाणी ओतू नका कधी, साधं गार पाणी पंजांना आणि पोटाला लावायचं आणि डॉक्टर.

सांगलीकरीण_लीड्स

माई, अगदी. इथे १९ जुलै २०२२ ला इंग्लंडात पहिल्यांदा चाळीसच्या वर पारा गेला होता, लिंकनशरमध्ये ४०.३. इथल्या घरांना एसी नसतो, भिंती उष्णता धरून ठेवायला बांधलेल्या. आम्ही चौघं दिवसभर बाथरूममध्ये बसून होतो, दोन माणसं आणि दोन फेरेट, टाइल्सवर. संडासाचं झाकण मात्र बंद, तो पण एक धोका आहे, आत पडलं तर गुळगुळीत भांड्यातून वर येता येत नाही.

पशुवैद्य_विदर्भ

चिंगीचे बाबा, माझं मत विचाराल तर घेऊ नका. दुकानदार जनावर देईल, त्याचे आयातीचे कागद मागा, चेहरा बघा. दुसरं, पुण्यात फेरेट हाताळलेला डॉक्टर आहे का हे जनावर आणायच्या आधी फोन करून विचारायचं, नंतर नाही. ताईंना लीड्ससारख्या फेरेटच्या मुलखात तिसरा दवाखाना गाठावा लागला.

आणि तिसरं सगळ्यात मोठं. डिस्टेंपर. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांमध्ये हा विषाणू सर्रास असतो. कुत्र्यांतले काही वाचतात, फेरेट जवळजवळ एकही वाचत नाही. तुम्ही सोसायटीच्या गेटवरून चालत येता, तो बुटाबरोबर घरात येऊ शकतो. म्हणजे खोली कितीही बंदोबस्तात केली तरी तुमची चप्पल उंबऱ्याबाहेर राहिली नाही तर व्यर्थ.

अजून एक, घरात कुणाला फ्लू झाला तर त्यानं खोलीत जायचं नाही. आपला फ्लू त्यांना होतो, त्यांचा आपल्याला होतो. १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी माणसाचा फ्लूचा विषाणू पहिल्यांदा पकडला तो फेरेटमध्येच, रुग्णाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात सोडून. आजारी फेरेट नंतर एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि तो आजारी पडला. विल्सन स्मिथ नाव त्याचं, त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्या विषाणूलाही डब्ल्यूएस म्हणतात.

खट्याळ_कोथरूडकर

शिंकून इतिहासात नाव. आमचं एवढं आयुष्य गेलं शिंकण्यात.

चिंगीचे बाबा, मे महिन्यात आमच्या कोथरूडला माणसंच पालथी पडतात जमिनीवर. ऐका डॉक्टरांचं.

ऑकलंडकर

आमच्याकडे तर प्रश्नच मिटलाय. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सशांचा सुळसुळाट झाला म्हणून फेरेट आणून सोडले, ते ससे सोडून किवीच्या मागे लागले. २००२ पासून विकायला, वाढवायला बंदी. त्यामुळे जिथे परवानगी आहे तिथल्यांनी खिडकी-दारांचा बंदोबस्त फक्त त्यांच्या जिवासाठी नाही तर बाहेरच्या पाखरांसाठीही करावा. संपलं माझं, जेवायला बोलावतायत.

जर्सीचा_गडी

ताई, बोलावल्यावर येतात का तुमचे? आमचं दुसरं, बगीरा, डोक्यावर पांढरा पट्टा आहे, हाक मारून ऐकतच नाही, नंतर कळलं बहिरं आहे.

सांगलीकरीण_लीड्स

पांढऱ्या पट्ट्यावाल्यांमध्ये बहिरेपणा बराच असतो म्हणे. आमचे ऐकतात पण नावानं नाही, पिपाणीसारखं वाजणाऱ्या एका खेळण्यानं. रोज खाऊ देताना ते वाजवायचं, महिन्याभरात सवय लागली. आता कुठेही दडलेले असोत, दोनदा पीप केलं की दोन डोकी बाहेर. फक्त ते खेळणं त्यांच्या हाती लागू द्यायचं नाही, तेही रबराचंच. बगीराला जमिनीवर पाय आपटून किंवा टॉर्च दोनदा चमकवून शिकवता येईल, प्रयत्न करून बघा.

बाळकृष्णाचं राहिलं! शीर्षकात लिहून विसरले.

आई आली तेव्हा तिनं इथल्या देव्हाऱ्यात तिचा लंगडा बाळकृष्ण ठेवला, पितळी, अंगठ्याएवढा, तिच्या लग्नात रुखवतात आलेला. देव्हारा हॉलमध्ये खालच्या फळीवर. एका सकाळी बाळकृष्ण नाही. आईनं आधी स्वतःला दोष दिला, मग नवऱ्याला (तो देव पुसतो शनिवारी), मग गप्प झाली, ते जास्त वाईट. तीन दिवस. चौथ्या दिवशी हॉलमधला सोफा उलटा केला, ते काळं कापड फाटलेलं होतं आणि आत हात घातला तर एकेक निघायला लागलं. माझा एक मोजा, नवऱ्याचे दोन वेगवेगळे, हळदीकुंकवाच्या कोयरीचं झाकण, तीन सुपाऱ्या, गाडीची किल्ली जी आम्ही पैसे भरून नवी करून घेतली होती, आणि मोज्यात नीट गुंडाळल्यासारखा बाळकृष्ण. ते खोबऱ्याचं कोठार. आम्ही झोपलोय असं समजून रात्री साडेनऊला पाय न वाजवता हॉलमध्ये येत असणार, कारण मी हॉलचं दार "पाच मिनिटांसाठी" उघडं ठेवायचे.

मला वाटलं आई चिडणार. ती मांडी घालून खाली बसली, बाळकृष्णाला पदरानं पुसलं आणि म्हणाली, "लोण्याचा चोर चोरानं नेला." त्यानंतर खोबऱ्याला सगळं माफ. आईच्या जोडव्यांना चावायचं पण माफ, आणि ते खूप चावतं, हलणारी पायाची बोटं दिसली की झालंच. मोजे घालून खोलीत जायचं, हे लिहायचं राहिलं होतं.

ते कोठार आता आम्ही मुद्दाम ठेवलंय, पण खोलीतच, पलंगाच्या जुन्या ड्रॉवरमध्ये. पूर्ण रिकामं करू नका कधी, बावचळतात आणि आठवडाभर शोधत फिरतात. धोक्याचं काढायचं, दोन मोजे ठेवायचे.

चिंगीचे_बाबा

सगळ्यांचे आभार. मुलीला अख्खा धागा वाचायला दिला. रिक्लायनरचं वाचून रडली, मग म्हणाली बाबा मेपर्यंत थांबू, मेमध्ये मी स्वतः एसीशिवाय एक दिवस पालथी पडून बघते. तूर्तास शेजारच्या सोसायटीतल्या मांजरीची पिल्लं बघायला गेलीय. वाढदिवस मात्र परत मागितलेत, तिन्ही.

मेलबर्नची_माई

गुणी पोर आहे.

जर्सीचा_गडी

पाय आपटून काल बगीरा आला!! दोनदा!

खट्याळ_कोथरूडकर

मी फेरेट काय, मासासुद्धा पाळणार नाही. पण ताईंचं वाचून रविवारी दुपारी गंमत म्हणून टॉर्च घेऊन हॉलमध्ये पोटावर झोपलो आणि कडेकडेनं चक्कर मारली. सासऱ्यांना वाटलं मी पडलो, त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं. टीव्हीच्या कपाटाखाली २०१९ चं लाइट बिल, बुद्धिबळाचा काळा उंट, सासऱ्यांची रक्तदाबाची एक गोळी (डॉक्टर म्हणतात तशी, अगदी तशी) आणि बायकोची कानातली कुडी सापडली. ती कुडी हरवल्याबद्दल चार वर्षांपूर्वी मी कामवाल्या मावशींवर संशय घेतला होता, तोंडानं बोललो नव्हतो पण त्यांना कळलं होतं. मावशी अजून आमच्याकडेच आहेत. उद्या सकाळी आठला येतात.

सांगलीकरीण_लीड्स

सांगा त्यांना. चहा करून द्या आणि सांगा.

खट्याळ_कोथरूडकर

सांगितलं. "मला माहीत होतं सापडंल," म्हणाल्या आणि केर काढायला लागल्या. कपाटाखालून पण काढला आज.

पशुवैद्य_विदर्भ

आणि ती गोळी?

खट्याळ_कोथरूडकर

टाकली हो डॉक्टर.